वरच्या वाडीचं स्टेशन

बस्त्यांवकाका एक भलं मोठं खोकं छातीशी धरून टॅक्सीतून उतरले, आणि आमच्या चाळीत रेल्वे आली. बाबा कामाला होते त्याच छापखान्यात ते कंपोझिटर होते. गिरगावात क्रूस असलेल्या एका जुन्या वाडीत त्यांचं घर होतं, आणि दर रविवारी चर्चमधली मिसा आटोपली की ते लालबागला आमच्याकडे यायचे. येताना त्यांच्या बायकोने, रोझीआंटीने, तळलेले मैद्याचे गरम फुगे पिशवीत असायचे. ते आई बांगड्याच्या तिखल्याबरोबर वाढायची, आणि बस्त्यांवकाका म्हणायचे की हे दोन पदार्थ एकमेकांसाठीच जन्मले होते, फक्त त्यांची पत्रिका कुणी जुळवली नव्हती. त्या रविवारी मात्र फुगे नव्हते, खोकं होतं. त्यांच्या बोटीवरच्या मेहुण्याने जर्मनीहून विजेवर चालणारी खेळण्यातली आगगाडी आणली होती. इंजिन, डबे, रुळांचे तुकडे आणि वीट ठेवावी तसा जड काळा ट्रान्सफॉर्मर. काकांनी ती घरी जमिनीवर जोडली, चालू केली, आणि समोर शेजारणी जपमाळेची प्रार्थना म्हणत असताना अख्ख्या वाडीचा फ्यूज उडाला. रोझीआंटीने शांतपणे सांगितलं की या घरात एक तर ही गाडी राहील किंवा ती राहील. काका बाबांना म्हणाले, "म्हणून म्हटलं, वसंता, तुझ्याकडे ठेवूया. तुझ्याकडे वायरिंग चांगलं आहे."

आमच्याकडे वायरिंग चांगलं होतं हे आम्हाला त्याच दिवशी कळलं. आमच्या दोन खोल्या, बाहेर गॅलरी, गॅलरीत पिंप आणि तुळस. बाहेरच्या खोलीत एक लोखंडी खाट होती, ती चारी पायांखाली विटा लावून उंच केलेली, कारण खाटेखाली आईचं अर्धं घर असायचं: तांदळाची कोठी, ट्रंक, सणाची भांडी, गावाहून आलेल्या सोलांच्या बरण्या. त्या खाटेवर बाबा झोपायचे. दोन रविवारांत बाबा गॅलरीत झोपायला लागले आणि खाटेवर प्लायवूडची फळी आली.

बाबा छापखान्यात मशीन चालवायचे, पण तो त्यांचा पोटाचा धंदा. मनाने ते मखरवाले होते. श्रावण लागला की आमच्या मजल्यावर थर्माकोलचा चुरा उडायचा आणि कुणाच्या गणपतीला राजवाडा, कुणाला गुहा, एकाला तर हवेत तरंगणारं कमळ असं बाबा करून द्यायचे. बाकीचे दहा-अकरा महिने त्यांचे हात रिकामे असायचे, आणि रिकामे हात त्यांना सहन होत नसत. त्यामुळे बस्त्यांवकाकांनी जेव्हा म्हटलं की गाडी नुसती गोल फिरते, आजूबाजूला काहीतरी पाहिजे, डोंगर वगैरे, तेव्हा बाबांनी इंजिनाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते फळीकडे बघत राहिले. खोक्याच्या झाकणावर एक चित्र होतं. बर्फाचे डोंगर, टोकदार छपरांची घरं, हिरवीगार कुरणं. काकांना हुबेहूब तसं हवं होतं.

"बर्फ कसा असतो मला माहीत नाही," बाबा म्हणाले.

"मला तरी कुठे माहीत आहे? कापूस लाव."

बाबांनी कापूस आणलासुद्धा. पण डोंगर करायला बसले आणि त्यांच्या हातून दुसराच डोंगर झाला. जाळीचा सांगाडा, त्यावर खळीत बुडवलेले वर्तमानपत्राचे कागद, त्यावर मूर्तीच्या कारखान्यातून मागून आणलेलं प्लास्टर. तो वाळला तेव्हा आई कालवण ढवळता ढवळता थांबली आणि म्हणाली, "हो तर आमचो डोंगर." आणि खरंच, तो वेतवण्याचा डोंगर होता, डाव्या बाजूला थोडा खचलेला, वर सपाट. वेतवणे म्हणजे आमचं गाव. तेव्हा कोकणात रेल्वे नव्हती. गावाला जायचं म्हणजे एसटीत रात्रभर बसून हाडं मोजायची. बस्त्यांवकाकांनी डोंगराकडे बराच वेळ पाहिलं. मग कापसाचा गठ्ठा उचलून पिशवीत घातला आणि म्हणाले, "ठीक आहे. रोझीला उशीत भरायला होईल."

त्यानंतरचे महिने आठवले की मला आधी वास आठवतो. प्लास्टरचा ओला वास, वखारीतून आणलेल्या भुशाचा, आणि त्यावर आमच्या मसाल्याचा. कारण बाबांना माती जमत नव्हती. गेरू लावून पाहिला, तो भगवा दिसायला लागला. विटेचा चुरा केला, तो घाटावरचा वाटला. शेवटी एका दुपारी आई बाजारात गेली असताना त्यांनी मालवणी मसाल्याची बरणी उघडली आणि चमचाभर मसाला ओल्या खळीवर भुरभुरवला. जांभ्या दगडाची माती, जशीच्या तशी. आई परत आली तेव्हा गावाचा सगळा पूर्व भाग वर्षाच्या मसाल्याने झाकला होता. तिने एका पुठ्ठ्याच्या घरासमोरची चिमूटभर माती उचलून त्या दिवशीच्या आमटीत टाकली, आणि मग जेवताना म्हणाली, "परसातली माती आसा. गोड मानून घेवा."

खराट्याचे हीर आणि हिरवा क्रेप कागद यांचे माड झाले. घोसाळ्याच्या वाळक्या जाळीचे आंबे-फणस झाले. पन्हळी पुठ्ठ्याची कौलं झाली. नदी म्हणजे निळा रंग आणि त्यावर मिठाईच्या खोक्यातला पारदर्शक कागद. बाबांनी प्रत्येक घर आठवून केलं, कुणाची पडवी कुठल्या बाजूला, कुणाची विहीर कुठे. इंजिन चालू केलं की मजल्यावरचे सगळे रेडिओ खरखरायचे, आणि शेजारची म्हातारी विचारायची, "इली काय गाडी?" माणसं मला करायला सांगितली. मी तेव्हा फोर्टात टायपिस्ट होते. घरी आले की मेणबत्तीच्या मेणाची तांदळाएवढी माणसं करून रंगवायची. आज आमच्या त्याच जागेवर टॉवर उभा आहे आणि आम्ही सतराव्या मजल्यावर राहतो. खिडकीतून खाली पाहिलं की रस्त्यावरची माणसं नेमकी तेवढीच दिसतात, आणि माझी बोटं अजून उगाच एकमेकांवर घासतात.

गाव ओळखू यायला लागलं आणि माणसं बघायला येऊ लागली. चाळीत वेतवण्याची पुष्कळ बिऱ्हाडं होती, त्यांचं एक ग्रामस्थ मंडळही होतं. लोक चपला काढून आत यायचे, खाटेपाशी उकिडवे बसायचे आणि आपापलं घर शोधायचे. सापडलं की मुलांना जवळ ओढून दाखवायचे. हे कौतुक फार तर पंधरवडाभर टिकलं. मग पांडुरंग परब आले. परब म्हणजे एका बँकेत शिपाई, अतिशय सभ्य माणूस, कधी कुणाशी आवाज चढवून न बोललेला. त्यांनी खाटेला एक फेरी मारली, चष्मा पुसला, परत एक फेरी मारली आणि त्यांच्या काजूच्या झाडांवर बोट ठेवलं.

"वसंतराव, माझ्या काजीतून रूळ नेलात."

बाबा हसले. "अहो, ते खराट्याचे हीर आहेत."

"झाडा कशाची आसत ता माका दिसता. जागा कोणाची ता सांगा."

बाबांनी समजावलं की वळण तिथेच बसतं, रुळांचे तुकडे जर्मनीत कापलेले आहेत. परब म्हणाले, जर्मनीवाल्यांना त्यांच्या काजीचं काय ठाऊक असणार, पण बाबांना ठाऊक होतं. पुढच्या रविवारी ते त्यांच्या भावाला घेऊन आले. दोघांनी मिळून नदीकाठची, साधारण विड्याच्या पानाएवढी जागा बदली म्हणून पसंत केली, आणि परबांनी स्वतः बसून तिथे हिराची झाडं लावली, आधी होती त्यापेक्षा जास्त. बाबांनी ती मोजली नाहीत. आईने मात्र ते जाताच खराटा लपवून ठेवला.

हे इथेच थांबलं असतं, पण आमच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, दाजी तावडे राहायचे. वेतवण्याच्या दोन वाड्या. खालची वाडी नदीकाठी, सपाटीवर. आम्ही सावंत आणि परब तिथले. वरची वाडी डोंगरावर, तावडे तिथले. दाजींचा मुलगा सुरेश परळला औषधांच्या दुकानात होता, आणि माझं लग्न त्याच्याशी ठरलं होतं. साखरपुडा झाला होता, हॉल बघून झाला होता. सुरेश कमी बोलायचा आणि बोलला की त्यावर मला घरी येऊन हसू यायचं. मला तो मनापासून आवडत होता. हे त्या काळी कुणाला सांगायची पद्धत नव्हती, म्हणून इथे सांगते.

दाजी आले, खुर्चीवर बसले, चहा घेतला आणि विचारलं, "वसंता, गाडी खंय थांबतली?"

"खालच्या वाडीत. सपाट आहे ना."

"आणि आमी वरच्या वाडयेतली माणसा काय करतली?"

"चढून जाल. आत्ता एसटीतून उतरून चढताच की."

"एसटीची गोष्ट येगळी. ती सरकारची. ही तुझी."

दाजींनी कप खाली ठेवला आणि म्हणाले की आपण आता सोयरे होणार, आणि सोयऱ्याने आपल्या वाडीला स्टेशन घेऊन दुसऱ्याच्या वाडीला पायवाट ठेवावी हे चांगलं दिसत नाही. लोक विचारतात. त्यांनी लोकांना काय सांगायचं? बाबा म्हणाले, इंजिन एवढा चढ चढणार नाही. दाजी म्हणाले, मग डोंगर कमी कर. आणि बाबा, ज्यांनी गिऱ्हाइकाच्या एका शब्दावर गुहेचा राजवाडा करून दिला होता, ते म्हणाले, "डोंगर कमी होणार नाही. तो आहे तेवढाच आहे."

आठवडाभरात चाळीत दोन तट पडले. वरच्या वाडीची माणसं आमच्या दारावरून जाताना मान दुसरीकडे वळवायची. दाजींनी निरोप पाठवला की स्टेशनचं ठरेपर्यंत पत्रिका छापू नयेत. पत्रिका बाबांच्याच छापखान्यात छापायच्या होत्या, आणि बस्त्यांवकाकांनी त्यांचे खिळे जुळवायला घेतलेही होते. त्यांनी माझं नाव जुळवलं आणि सुरेशचं जुळवायचं थांबवलं. मला ते ऐकून पहिल्यांदा भीती वाटली. तोपर्यंत मला हे सगळं पोरखेळ वाटत होतं. सुरेश मला जिन्यात भेटला. मी म्हटलं, "तुमच्या वडिलांना सांगा ना काहीतरी."

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, तू लहान असताना पायात काटा मोडला होता, तुला पाठीवर घेऊन तो डोंगर मी चढलोय. तेव्हा वसंता कुठे होता."

खरं होतं ते. आणि त्यानंतर मला दाजींचा राग नीट येईना, ही आणखी एक अडचण झाली.

शेवटी बाबा नमले, पण अर्धेच. डोंगर तसाच ठेवून त्यांनी त्याच्या अंगावरून एक चढती वाट कापली, तिच्यावर रूळ घातले, वर सपाटीवर आगपेटीचं छोटं स्टेशन ठेवलं आणि पलीकडून उतार काढून रूळ परत खाली आणले. मी त्या स्टेशनवर मेणाची पुष्कळ माणसं उभी केली. चाचणीला दोन्ही वाड्या जमल्या. बस्त्यांवकाकांनी ट्रान्सफॉर्मर फिरवला. इंजिन खालच्या वाडीतून ऐटीत निघालं, परबांची जुनी काज ओलांडली, चढाला लागलं, हळू झालं, चाकं जागच्या जागी फिरायला लागली, आणि मग सगळी गाडी अगदी मर्यादेने, मागे मागे येत खालच्या वाडीच्या स्टेशनात परत उभी राहिली. खालच्या वाडीतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दाजी पुढे झाले, एका बोटाने शेवटच्या डब्याला रेटा दिला आणि गाडी वरपर्यंत नेली.

"चढता," ते म्हणाले. "धक्को मारूक व्हयो. आमी वाडयेतली माणसा मारू."

बस्त्यांवकाका म्हणाले की विजेच्या इंजिनाला धक्का मारून चालवणं हा त्यांच्या मेहुण्याचा अपमान आहे. त्यावरून पुन्हा जुंपली. तेव्हा मंडळातल्या सगळ्यात वयस्क माणसाने, भाई गावकरांनी, हात वर केला. गावात देवाचा पहिला मान त्यांच्या घराण्याचा. ते म्हणाले की मुळात चुकलंय ते इथे. गावात एवढं मोठं काम काढलं आणि देवाला सांगितलंच नाही. बाबा म्हणाले, "अहो भाई, ही फळी आहे." भाईंनी फळीवरच्या आगपेटीएवढ्या देवळाकडे बोट दाखवलं. "आणि ह्या काय आसा?"

पुढच्या रविवारी आमच्या खोलीत देवापुढे गाऱ्हाणं झालं. खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती, गॅलरीत माणसं, जिन्यात माणसं. भाई गावकर डोक्याला टोपी घालून, हातात नारळ घेऊन खाटेसमोर उभे राहिले. मसाल्याच्या मातीमुळे त्यांना आधी सणसणीत शिंका आल्या. मग त्यांनी आवाज लावला.

"बा देवा रवळनाथा, गावच्या म्हाराजा! आज ह्या लेकरान लालबागेत खाटयेर जो काय गाव मांडललो आसा, तेच्यावरसून जी काय आगीनगाडी चलतली, तिका बरकत दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी खोली म्हणाली. बस्त्यांवकाका सगळ्यांत मोठ्याने म्हणाले.

"खालच्या वाडयेतसून वरच्या वाडयेत जाताना जी काय आडकाठी येता, कोणाचा वाकडा नाकडा आसात, ता दूर कर, आणि ह्या दोन घरांचा जा काय शुभकार्य अडकला आसा, ता मार्गाक लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी आतल्या खोलीच्या दारात उभी होते. शुभकार्य म्हणजे मी. इतक्या लोकांनी एकदम माझ्यासाठी 'व्हय' म्हटलेलं ऐकून माझे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी समोर भाई मेणाच्या माणसांवर तांदूळ टाकत होते, एकेक तांदूळ त्या माणसांएवढा, आणि माणसं पटापट आडवी होत होती. मी रडत होते की हसत होते ते मला आजही सांगता येत नाही.

या सगळ्या गर्दीला चहा द्यायचा तर मोठा टोप हवा, आणि तो होता खाटेखाली, खालच्या वाडीच्या बरोबर खाली, बरण्यांच्या मागे अडकलेला. आई सुरेशला म्हणाली, "जरा उचल रे ह्या बाजून." सुरेशने खाटेचं ते टोक उचललं. आईने टोप ओढायला घेतला, तो निघेना. तेव्हा सुरेशने पायाने दोन जादा विटा सरकवल्या आणि खाट त्यांच्यावर टेकवली. टोप निघाला. आई चहा ठेवायला आत गेली. विटा तिथेच राहिल्या. गाऱ्हाणं संपलं, भाईंनी नारळ फोडला, बस्त्यांवकाकांनी ट्रान्सफॉर्मर फिरवला.

गाडी निघाली. चढाला लागली. हळू झाली, पण थांबली नाही. सगळ्या रेडिओंची खरखर एका सुरात चालू होती आणि ती एकेक डबा ओढत वर गेली, आणि वरच्या वाडीच्या स्टेशनात, आडव्या पडलेल्या माणसांसमोर उभी राहिली. दाजींनी टोपी काढली.

खालची वाडी उचलली गेल्यामुळे चढ निम्मा झाला होता, एवढंच. पण त्यामुळे अख्खं वेतवणे कललं होतं. घरं कलली, माड कलले, देऊळ कललं, आणि नदी तर चक्क डोंगराकडे वाहायला लागली होती. परतीच्या वाटेवर जे आधी सपाट होतं तेही आता चढ झालं होतं, त्यामुळे गाडीला दोन्ही वेळा धाप लागत होती. आई चहा घेऊन बाहेर आली, तिने एकदा गावाकडे पाहिलं, एकदा विटांकडे, आणि म्हणाली, "वीट आसा खाली." कुणीच लक्ष दिलं नाही. भाई गावकर म्हणाले, देवाने ऐकलं. बाबा कलत्या देवळाकडे बघत होते. त्यांनी ते देऊळ गुण्या लावून सरळ बसवलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मिटलं. परबांनी हळूच विचारलं की नदी उलटी वाहिली तर त्यांच्या नव्या काजीला पाणी कमी पडेल का. दाजी म्हणाले, "नदीचा बघू मागसून. पत्रिका छापूक घेवा."

सुरेशने विटा मुद्दाम ठेवल्या की विसरला, हे मी त्याला लग्नानंतर कितीतरी वेळा विचारलं. कधी तो म्हणतो मुद्दाम, कधी म्हणतो टोप जड होता. आता तो सत्तरीच्या पुढे गेलाय आणि म्हणतो की त्या दिवशी तो तिथे नव्हताच.

लग्न झालं. मी एक जिना चढून वरच्या वाडीत गेले. पावसाळ्यात खळीच्या वासाने झुरळं आली, त्यांनी आधी देऊळ खाल्लं, मग परबांची बाग, आणि गणपतीच्या आधी बाबांनी फळी उतरवली, कारण मखरांची कामं आली होती आणि त्यांना झोपायला खाटही हवी होती. बस्त्यांवकाका इंजिन घरी घेऊन गेले. रोझीआंटीने ते शोकेसमध्ये ठेवू दिलं, वायर न जोडण्याच्या अटीवर.

मग बऱ्याच वर्षांनी खरोखरच कोकणात रेल्वे आली. आमच्या गावाला स्टेशन मिळालं नाही. ते मिळालं पलीकडच्या गावाला, जिथे आमच्यातला कुणीही कधी गेला नव्हता. त्या मे महिन्यात आम्ही सगळे गावी होतो. बाबा थकले होते, पण आले होते. दाजी तर नोकरी संपल्यापासून गावीच राहायचे. सकाळी आम्ही दाजींच्या पडवीत घावणे आणि चहा घेत बसलो होतो, समोर परबही होते. एकाएकी बशीत कप किणकिणायला लागला. मग जमीन थरथरली, अगदी थोडी, पोटात गुरगुरल्यासारखी. आणि थांबली.

दाजींनी परबांकडे पाहिलं. "इली," ते म्हणाले. "आमच्या वाडयेतसून जाता. तुमच्या नाय."

"थांबता खंय पण?" परब म्हणाले.

"थांबना नाय. पण जाता आमच्याच वाडयेतसून. फक्त खालसून."

बाबांनी घावण्याचा तुकडा तोंडाजवळ नेला होता, तो तसाच खाली ठेवला. ते उठले, पडवीच्या पायऱ्या उतरले आणि अंगणाच्या मध्यभागी जाऊन पायाखालच्या जमिनीकडे बघत उभे राहिले. मला वाटलं त्यांना गावचं काही जुनं आठवलं असेल, म्हणून मी जवळ गेले.

"बोगदा," ते म्हणाले. "आतून पोकळच होता गं आपला खाटेवरचा डोंगर. मला बोगदा सुचलाच नाही."